आधी घाम, मग झोळी

दिवाळीच्या सुटीत बुरोंडीला गेल्याशिवाय आमच्या घरात कोणाला दिवाळी झाल्यासारखे वाटत नाही. दापोली सोडून एस.टी. वळणे घेत उतरू लागली, झाडांच्या फटीतून समुद्र चमकला, की आमच्या सौ.चा चेहरा उजळतो आणि मी घाईघाईने पिशव्या मोजू लागतो. गाव आता पुष्कळ बदलले आहे. टेकडीवर परशुरामाचा भव्य पुतळा उभा राहिला आणि तो पाहायला येणाऱ्यांच्या मोटारी रस्त्यावर दिसू लागल्या. मात्र बंदरावरची मासळीची घाई आणि पहाटे ओटीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याची चौकशी करणारी म्हातारी माणसे, ही दोन्ही होती तशीच आहेत.

गेल्या वर्षी भाऊबीजेला माझी धाकटी बहीण दापोलीहून आली होती. तिच्याबरोबर तिचा मुलगाही होता. हा माझा भाचा मुंबईला एका बँकेत नोकरीस आहे. ऐन भाऊबीजेच्या पहाटे हा गृहस्थ उठला, पायांत बूट चढवले आणि लाडघरच्या रस्त्याने धावत सुटला. दोन घरे ओलांडतो न ओलांडतो तोच एका ओटीवरून हाक आली, "काय झाला रे? घरात कोन आजारी हाय काय?"

भाचा हसून म्हणाला, "नाही आजोबा, सहज धावतोय."

हे 'सहज' काही आजोबांच्या गळी उतरेना. आठ वाजता काठी टेकीत ते आमच्या घरी आले आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारू लागले, "पोराला कसला तरास तर नाय ना?"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. पण आजोबांचे काय चुकले? आमच्या गावात विनाकारण कोणी धावल्याचे त्यांनी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. माणूस धावायचा तो रात्री-अपरात्री वैद्याला आणायला, सुटलेले गुरू शेतातून हाकायला, नाहीतर वादळात सापडलेल्या होडीची बातमी घेऊन. मासळीची पाटी डोक्यावर घेतलेल्या कोळणी चालत नसत. त्यांची ती अर्धवट धावण्याची दुडकी चाल असे. दापोली समुद्रापासून सुमारे ८०० फूट उंचावर आहे, आणि मासळी काही कोणासाठी ताजी राहत नाही! पूर्वी टपालाची थैली खांद्यावर टाकून घुंगरांची काठी वाजवीत जाणारा हरकारा धावे, तोही दुसऱ्याच्याच सुखदुःखाची पत्रे पोचवायला. पायांना काम असायचे. व्यायाम हा शब्द पायांच्या वाट्याला यायचाच नाही.

बुरोंडीहून किनाऱ्याने उत्तरेला लाडघर आणि कर्दे ओलांडले की मुरूड लागते. हे धोंडो केशव कर्व्यांचे गाव. हा मुलगा परीक्षेला बसता यावे म्हणून भर पावसात डोंगरदऱ्या तुडवीत सुमारे ११० मैल साताऱ्यापर्यंत चालत गेला आणि तेथे 'वयाने लहान दिसतोस' म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. चालण्याचा त्याला पुढे कंटाळा आला असता तरी कोणी नावे ठेवली नसती. पण १९०० साली पुण्याबाहेर हिंगण्याला विधवांच्या आश्रमाची झोपडी उभी राहिली, तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात दिवसभर गणित शिकवून हेच कर्वे संध्याकाळी पायी हिंगण्याची वाट धरीत. आश्रमासाठी ते गावोगाव वर्गणी मागत हिंडले. त्यांचे म्हणणे न पटणारे लोकही त्यांच्या हातावर काहीतरी ठेवीत, असे का झाले असावे, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता. तो पुढे पडला.

फराळ झाल्यावर भाच्याने विषय काढला. जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन आहे. त्यात तो पूर्ण अंतर, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर धावणार आहे. आणि त्या निमित्ताने कर्करोगावर उपचार घ्यायला गावाकडून मुंबईला येणाऱ्या गरीब रुग्णांच्या राहण्याजेवणाची सोय करणाऱ्या एका संस्थेसाठी निधी गोळा करतो आहे. पैसे थेट संस्थेकडे जातात, पावती मिळते, त्याच्या हाताला एक पैसाही लागत नाही, हे सगळे त्याने समजावून सांगितले आणि संकोचाने म्हणाला, "मामा, तुमच्याकडूनही काही हवं होतं."

मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकाला आयता श्रोता मिळाला, तर तो व्याख्यान दिल्याशिवाय कसा राहील? मी म्हणालो, "अरे, पैसे द्यायचे तर सरळ द्यावेत. त्यासाठी बेचाळीस किलोमीटर धावायचं काय कारण? तू धावलास म्हणून कोणा रोग्याचा ताप एका अंशाने तरी उतरणार आहे का?"

"ते खरं आहे, मामा," तो म्हणाला. बहीण मान खाली घालून तबकातली निरांजने पुसत राहिली. मी 'बघू' म्हणालो. आपल्या मध्यमवर्गीय घरांतून या 'बघू'चा अर्थ लहान मुलांनाही कळतो.

तरी वादात आपणच जिंकलो अशी पुरती खात्री पटेपर्यंत मला झोप लागत नाही. डोंबिवलीला परतल्यावर मी या धावण्याच्या खटाटोपाची माहिती काढू लागलो. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली आणि मुंबईची २००४ साली. मुंबईच्या शर्यतीत पूर्ण आणि अर्ध मॅरेथॉनखेरीज ज्येष्ठ नागरिकांची, अपंगांची आणि हौशी लोकांची 'ड्रीम रन' अशा वेगवेगळ्या धावा असतात. आणि नाना संस्थांसाठी दरवर्षी तेथे कोट्यवधी रुपये गोळा होतात. कोणी अंध मुलांच्या शाळेसाठी धावतो, तर कोणी शिकायला पैसे नसलेल्या मुलींसाठी.

मागची पाने उलटली तर आणखी एक मौज दिसली. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचे अंतर नेहमीपेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर होते. २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत ते पुरे करून चौगुले एकोणिसावे आले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या शर्यतींत अनवाणी धावणारी खेड्यांतली पोरे पाहून दोराबजी टाटांना वाटले की ही मुले परदेशात धावली पाहिजेत, आणि त्यांनी पदरचे पैसे घालून त्यांना पाठवण्याची खटपट केली. म्हणजे त्या काळी एकाने धावावे म्हणून दुसऱ्यांनी पैसे द्यायचे. आज दुसऱ्यांनी पैसे द्यावेत म्हणून हा धावणार! शंभर वर्षांत गाडी उलट दिशेने धावू लागली, असे मी मनाशी म्हटले.

ती उलटी कशी झाली, हेही वाचले. कॅनडातल्या टेरी फॉक्स या मुलाचा उजवा पाय १९७७ साली हाडाच्या कर्करोगामुळे कापावा लागला. इस्पितळात त्याने आपल्याहून लहान मुलांचे हाल पाहिले. १२ एप्रिल १९८० रोजी, एकवीस वर्षांचा असताना, एक पाय आपला आणि एक कृत्रिम अशा अवस्थेत तो देशाच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेकडे धावू लागला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन! प्रत्येक देशबांधवाने कर्करोगाच्या संशोधनासाठी एक डॉलर द्यावा, एवढेच त्याचे मागणे होते. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर रोग फुप्फुसात पोचला आणि त्याला थांबावे लागले. पुढच्या वर्षी जून महिन्यात तो गेला. पण जाण्यापूर्वी देशाच्या लोकसंख्येइतके, म्हणजे दोन कोटी चाळीस लाखांहून अधिक डॉलर जमलेले त्याने पाहिले होते.

हे वाचून मी थोडा नरमलो. डिसेंबरातल्या एका रविवारी भाच्याने मला पहाटे पाच वाजता शिवाजी पार्कवर नेले. एरवी ज्या वेळी आपल्या घरांत दूधवालासुद्धा आलेला नसतो, त्या वेळी तेथे जत्रा भरलेली! डॉक्टर होते, कारकून होते, निवृत्त शिक्षक होते. नातवंडे असलेल्या आज्या होत्या. एका कचेरीतला शिपाई पुढे धावत होता आणि त्याच कचेरीतले मोठे साहेब धापा टाकीत त्याच्या मागे होते. सोमवारी दहा वाजता हा क्रम पुन्हा बदलणार, हे दोघांनाही ठाऊक होते. साडी नेसून पळणाऱ्या एक बाई पाहून मला नवल वाटले, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, मिलिंद सोमणच्या आईंनी, उषाताईंनी, २०१६ साली मुलाबरोबर रस्त्यावर साडी नेसून अनवाणी धाव घेतली. तेव्हापासून साडी ही काही सबब उरली नाही." याच सोमणांनी २०१२ साली केवळ स्त्रियांसाठी 'पिंकेथॉन' ही धाव सुरू केली. स्तनाच्या कर्करोगाबद्दल बायकांनी उघडपणे बोलावे, वेळीच तपासून घ्यावे, हा त्यामागचा हेतू. ज्या दुखण्याचे नाव आपल्या घरांत शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये अशा आवाजात काढले जाते, ते नाव पाठीवर लावून हजारो बायका रस्त्याने धावतात. हेदेखील एक औषधच म्हणायचे.

जानेवारीतल्या त्या रविवारी मी पेडर रोडच्या चढावर जाऊन उभा राहिलो. पूर्ण मॅरेथॉनवाल्यांना हा चढ लागतो तो अगदी शेवटच्या टप्प्यात, पाय साफ नाही म्हणू लागलेले असताना. पदपथावर दोन्ही बाजूंना बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे उभी होती. आजोबा मिठाची डबी घेऊन उभे, बायका संत्र्याच्या फोडी वाटताहेत, पोरे अनोळखी माणसांच्या छातीवरची नावे वाचून ओरडताहेत. एक अंध तरुण आला. त्याच्या मनगटाला एक दोरी, दोरीचे दुसरे टोक शेजारी धावणाऱ्याच्या मनगटाला. तो शेजारी सारखा बोलत होता, "आता चढ... उजवीकडे पाणी... अजून थोडंच." त्याला स्वतःला जोराने धावता आले असते, पण त्याने आपला वेग दोरीच्या लांबीएवढा करून घेतला होता. माझ्या शेजारचे गृहस्थ टाळ्या वाजवायचे विसरले होते, आणि मीही.

तेवढ्यात भाचा आला. पांढराफटक चेहरा, लंगडता पाय. मला पाहून त्याने हात वर केला. मी मात्र त्याच्यासाठी आणलेले केळे हातात धरून नुसता उभा राहिलो.

शर्यत संपल्यावर आझाद मैदानाजवळ एका कठड्यावर आम्ही चहा घेत बसलो. गळ्यात पदक होते आणि बूट काढलेले होते. सहज विचारावे तसे मी विचारले, "तुला हा नाद लागला तरी कधी?"

तो म्हणाला, "मामा, बाबांना परळच्या इस्पितळात ठेवलं होतं ना, तेव्हा आम्ही दादरच्या धर्मशाळेत राहायचो. आई बाबांपाशी असायची. डबा घेऊन मी दोन वेळा जायचो. बसला पैसे कशाला, म्हणून धावतच जायचो. तेव्हापासूनच."

एवढे बोलून तो चहा पिऊ लागला. त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती; आणि म्हणूनच ती मला टोचली.

अकरा-बारा वर्षांपूर्वीची ती गोष्ट. माझे मेहुणे कर्करोगाने आजारी पडले, तेव्हा बहिणीने मला फोन केला होता. आमची दोन खोल्यांची जागा, मुलीची दहावी, लोकलची दगदग. मी 'या' म्हणालो नाही आणि 'नको' असेही म्हणालो नाही. बहुधा 'बघू' म्हणालो असेन. माझी अडचण बहिणीने माझ्याआधी ओळखली. "दादा, डोंबिवलीहून परळ लांब पडतं. धर्मशाळाच सोयीची," ती म्हणाली. मी किती हलका झालो होतो, ते मला आजही आठवते. दर रविवारी फळे घेऊन मी भेटायला जात असे. चौदा वर्षांचा भाचा घामाने निथळत डबा घेऊन यायचा आणि मी त्याला म्हणायचो, "अरे, जरा सावकाश!" मेहुणे त्या दुखण्यातून उठले नाहीत.

ती दादरची धर्मशाळा गाडगे महाराजांच्या नावाची आहे. वाचकहो, महाराजांची मागण्याची रीत आपल्याला माहीत आहे. हा माणूस गावात आला की आधी हातात खराटा घेई. दिवसभर गाव झाडी. संध्याकाळी कीर्तनाला उभा राही आणि मगच लोकांपुढे मागणे मांडी. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः मात्र कधी त्यांत बिऱ्हाड केले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. पण त्यांच्या नावाच्या छपराखाली आजही परगावचा रोगी पाठ टेकतो, आणि माझ्या बहिणीने तिथे पाठ टेकली होती.

'पैसे द्यायचे तर धावायचे कशाला?' या माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. धावणे देणाऱ्यासाठी नसतेच. ते मागणाऱ्यासाठी असते. दुसऱ्याच्या खिशात हात घालण्याआधी आपल्या अंगचे काहीतरी खर्ची घालावे लागते. गाडगे महाराजांनी गाव झाडले, कर्व्यांनी हिंगण्याची वाट तुडवली, माझा भाचा पाच महिने पहाटे उठून धावला. आधी घाम, मग झोळी. ज्याने घाम गाळलेला नाही, त्याच्या झोळीकडे पाहून लोक 'बघू' म्हणतात. आणि ज्याने गाळला आहे, त्यालाही 'बघू' म्हणणारे माझ्यासारखे काही असतात.

या सोहळ्यात सारेच सोन्यासारखे आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. कंपन्यांच्या जाहिराती असतात. छायाचित्र काढून घेण्यापुरते धावणारे असतात. आणि आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. २०१४ साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये लता भगवान करे नावाच्या, साठी उलटलेल्या बाई नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि आपल्या गटात पहिल्या आल्या. नवऱ्याच्या एम.आर.आय. तपासणीला पैसे नव्हते, म्हणून बक्षिसासाठी त्या धावल्या होत्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले, त्याची राष्ट्रीय पुरस्कारांतही दखल घेतली गेली. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाजवाव्यातच, पण टाळ्या थांबल्यावर मान खाली जायला हवी. नवऱ्याची तपासणी व्हावी म्हणून कोणा म्हातारीला शर्यत जिंकावी लागू नये. धट्टेकट्टे लोक रस्त्यावर धावतात ते याचसाठी, की लताबाईंवर पुन्हा धावण्याची पाळी येऊ नये. तेवढे साधले नाही, तर सारी पदके पितळेची.

मी भाच्याच्या संस्थेला पैसे पाठवले. किती, ते सांगत नाही, कारण अकरा वर्षांच्या व्याजाचा हिशेब मला जमला नाही. यंदा मात्र मी स्वतःच ड्रीम रनमध्ये धावायचे ठरवले आहे. ती जेमतेम सहा किलोमीटरची. तीत पळणाऱ्यांपेक्षा चालणारेच अधिक. स्टाफरूममध्ये मी झोळी पसरली, तेव्हा तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "अहो, पैसे द्यायचे तर धावायचं कशाला?" मला हसू आले. सहा किलोमीटर धावण्यापेक्षा सहा माणसांकडे मागणे अधिक दमवणारे असते, हे तेव्हा कळले. आमच्या सौ.नी पहिली वर्गणी दिली आणि वर गुडघ्याला लावायचे तेलही दिले.

यंदा गणपतीला बुरोंडीला गेलो होतो. पाऊस जरा उघडला होता. पहाटे बूट घालून मी लाडघरच्या रस्त्याला लागलो. पंचवीस पावलांतच धाप लागली. ओटीवरून ओळखीची हाक आली, "काय झाला मास्तर? कोन आजारी हाय काय?"

मी थांबलो. या वेळी हसलो नाही. म्हणालो, "आहेत आजोबा. परळला आहेत."

"कोनाची मानसा?"

"ते माहीत नाही," मी म्हणालो.

आजोबांनी थोडा विचार केला. मग काठीने रस्त्याकडे खूण करीत म्हणाले, "मंग हितं उभा काय ऱ्हायलास? धाव."